पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचा धूर

पीयूसी केंद्रावरच्या संगणकाला गाडीचं वय जेमतेमच कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५व्या नियमात धुराच्या मर्यादांचा एक तक्ता आहे. पेट्रोलवर चालणारी चारचाकी ‘भारत स्टेज २’ मानकांच्या आधीची असली, की त्या तक्त्यात तिच्यासाठी एकच ओळ आहे: कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत, हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत. मग ती एखाद्या संस्थानिकाच्या मोटारखान्यातून आलेली १९२८ची गाडी असो, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली १९६८ची फियाट असो, की १९९८ची मारुती ८००. सत्तर वर्षांचं मोटारशास्त्र एका ओळीत बसवलेलं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ही ओळ जाचक वाटते आणि त्यांच्यापैकी अनेकांना व्हिंटेज गाड्यांसाठी धूर तपासणीतून सरसकट सूट हवी असते. पर्यावरणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं बरोबर उलट: शहरात श्वास घ्यायची पंचाईत असताना शंभर वर्षांपूर्वीचं इंजिन रस्त्यावर आणायची हौस कशाला? मला वाटतं, दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवतात. जुन्या गाडीला आजच्या मानकांतून सूट द्यायला हवी, तपासणीतून मात्र नको. आणि तिला खरा लगाम घालायचा असेल, तर तो टक्क्यांचा नव्हे, किलोमीटरचा असायला हवा.

कायदा आज काय म्हणतो ते आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. तोवर देशात अशा गाड्यांसाठी एकसारखी व्यवस्था नव्हती. राज्यागणिक आणि कित्येकदा आरटीओगणिक वेगळा न्याय. नव्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. अट अशी, की ती मूळ रूपात असावी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्यानं नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, म्हणजे लांबूनही कळावं की ही गाडी वेगळी आहे. या गाडीचा रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर करायचा नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तिथवर जाणं-येणं, देखभाल आणि इंधन भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. हे सगळं चांगलंच आहे. पण धुराच्या बाबतीत या नियमांनी नवी वाट काढलेली नाही. ११५व्या नियमाच्या त्या जुन्या तक्त्यात व्हिंटेजसाठी वेगळी ओळ आलेली नाही. त्यामुळे पन्नाशीची गाडीही इतरांच्याच रांगेत दर सहा महिन्यांनी पीयूसीला उभी राहते. प्रमाणपत्र नसेल आणि धूर मर्यादेबाहेर असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या १९०व्या कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हा धाकही तिला तितकाच लागू आहे.

ही तपासणी म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहिल्याशिवाय तिच्यावर भांडण्यात अर्थ नाही. समजा एक पद्मिनी पीयूसीला आली आहे. १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्बोरेटर, पॉइंटवर चालणारं इग्निशन. इंजिन आधी चांगलं तापलेलं हवं आणि चोक पूर्ण आत दाबलेला हवा. थंड इंजिन चोकवर धरून तपासलं तर उत्तम गाडीसुद्धा नापास होईल. मग सायलेन्सरच्या तोंडातून प्रोब फूटभर आत सरकवतात आणि गाडी स्लोवर सोडतात. यंत्र धुरातून अवरक्त किरण पाठवून कार्बन मोनॉक्साइडचे टक्के आणि हायड्रोकार्बनचे पीपीएम दाखवतं. आकडा ५ टक्के आला, तर मेस्त्री कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू पाव फेरा आवळतो. पेट्रोल कमी, हवा जास्त. आकडा उतरायला लागतो: ४, ३.५, २.८. इथं थांबलं तर ठीक. आणखी आवळलं तर मिश्रण इतकं पातळ होतं की ते प्रत्येक ठिणगीला पेट घेत नाही. इंजिन मिसिंग करू लागतं, न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं आणि आता हायड्रोकार्बनचा आकडा उसळी मारतो. म्हणजे या दोन मर्यादांनी गाडीला दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. एकीकडून सुटायला जावं तर दुसरी अडवते. दोन्हींच्या मधे बसायचं असेल तर स्क्रू फिरवून भागत नाही. पॉइंटमधलं अंतर, प्लग, टायमिंग, फ्लोटची पातळी, एअर फिल्टर आणि थ्रॉटलच्या दांड्याची झीज, सगळं जागेवर असावं लागतं.

म्हणूनच ही तपासणी पर्यावरणाच्या नावानं होत असली, तरी प्रत्यक्षात ती इंजिनाची प्रकृती पाहणारी आहे. थर्मामीटरनं ताप कळतो, रोग कळत नाही, पण म्हणून कुणी थर्मामीटर फेकून देत नाही. चांगल्या हातात असलेली, फोर स्ट्रोक, कार्बोरेटरची गाडी स्लोवर ३ टक्क्यांच्या आत बसू शकते. १९५०-६०च्या दशकांतल्या बहुतेक गाड्यांना हे जमण्यासारखं आहे. अडचण येते ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांतल्या गाड्यांची. त्यांचे कार्बोरेटर मुळातच घट्ट मिश्रणावर चालण्यासाठी बनले होते, इंजिनातला दाब कमी, इग्निशनचं टायमिंग चालकानं स्टिअरिंगवरच्या दांडीनं हातानं पुढे-मागे करायचं. अशा गाडीला १९९८च्या मारुतीशी एका मापात तोलणं चुकीचं, इथवर शौकिनांचं म्हणणं रास्त आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच, की तक्त्यात आणखी दोन-तीन ओळी हव्यात. तपासणीच नको, हे त्यातून निघत नाही.

ओळी वाढवणं ही काही नवलाची गोष्ट नाही. ब्रिटनच्या एमओटी तपासणीत १ ऑगस्ट १९७५च्या आधी रस्त्यावर आलेल्या पेट्रोल गाडीचा धूर नुसत्या डोळ्यांनी पाहतात. त्यानंतर जुलै १९८६पर्यंतच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के, पुढच्या काही वर्षांतल्या गाड्यांना साडेतीन टक्के. जर्मनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाडीचा आकडा तिच्या निर्मात्यानंच त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या मूल्याशी ताडून पाहतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जेवढी ठीक होती तेवढी आज आहे का, इतकाच प्रश्न. गंमत म्हणजे आपल्याकडेही हे तत्त्व मान्य आहेच, फक्त ते वरच्या टोकाला लावलेलं आहे: ‘भारत स्टेज ४’ आणि त्यापुढच्या गाड्यांना स्लोवर ०.३ टक्के आणि २०० पीपीएम इतकी कडक मर्यादा आहे, शिवाय वाढवलेल्या फेऱ्यांवर हवा-इंधनाचं गुणोत्तरही तपासतात. कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या गाडीला हे विचारण्यात अर्थ नाही, म्हणून विचारत नाहीत. खालच्या टोकाला मात्र एक ओळ ओढून काम भागवलं आहे. त्यातही एक मजेदार फट आहे. ७० सीसीपर्यंतच्या, १ मार्च १९९०च्या आधी बनलेल्या दुचाकींना ११५व्या नियमातून मुळातच वगळलं आहे. पुण्याच्या फिरोदियांची १९७२ साली आलेली ५० सीसीची लुना त्यात अलगद बसते. तिला सूट मिळाली ती वारसा म्हणून नव्हे, तर लहान म्हणून.

आता तपासणी काय पाहत नाही, तेही सांगायला हवं. स्लोवर उभ्या गाडीच्या इंजिनावर ओझं नसतं, म्हणून नायट्रोजनची ऑक्साइडं जवळजवळ दिसतच नाहीत. ती घाट चढताना, वेगात असताना तयार होतात. दुसरं, जुन्या गाडीचं प्रदूषण फक्त सायलेन्सरमधून होत नाही. पिस्टनच्या बाजूनं खाली उतरलेला वायू इंजिनाच्या पोटातून एका उघड्या नळीवाटे थेट रस्त्यावर सोडायची पद्धत १९६०च्या आधी सर्रास होती. पेट्रोलच्या टाकीचं झाकण हवेशी जोडलेलं, कार्बोरेटरची वाटीही तशीच. उन्हात उभी राहिलेली जुनी गाडी इंजिन बंद असतानाही पेट्रोलची वाफ सोडत असते. प्रोब यातलं काहीच टिपत नाही. तेव्हा ज्यांना वाटतं की पीयूसी पास झाली म्हणजे व्हिंटेज गाडी निर्दोष, त्यांनीही जरा दमानं घ्यावं.

मग हिशेब कसा करायचा? शौकिनांचा नेहमीचा युक्तिवाद असा असतो, की या गाड्या वर्षातून काहीशेच किलोमीटर चालतात, त्यांचा धूर तो किती. आकडे मांडले की हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम राहत नाही. भारतात पेट्रोल गाड्यांना दर किलोमीटरमागे किती ग्रॅम प्रदूषण चालेल याची मर्यादा पहिल्यांदा १९९१ साली आली. तेव्हा हायड्रोकार्बनची मर्यादा गाडीच्या वजनानुसार २ ते २.९ ग्रॅम होती आणि कार्बन मोनॉक्साइडची १४.३ ते २७.१ ग्रॅम. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’मध्ये हेच आकडे अनुक्रमे ०.१ आणि १ ग्रॅम आहेत. चाचणीची पद्धत मधल्या काळात बदलली, म्हणून तुलना ढोबळ आहे. तरी पंचवीस-तीस पटींचा फरक लपत नाही. आणि पन्नाशीची गाडी तर १९९१च्याही आधीची, कुठलीच ग्रॅमची मर्यादा न पाहिलेली. तिला आपण उदारपणे १९९१च्या वरच्या मर्यादेवर धरू. ती वर्षाला ५०० किलोमीटर चालली, तर तिच्यातून सुमारे १,४५० ग्रॅम हायड्रोकार्बन बाहेर पडतं. आजच्या गाडीला मर्यादेवर राहून तेवढं सोडायला १४,५०० किलोमीटर चालावं लागेल, म्हणजे एखाद्या नोकरदाराच्या गाडीचं वर्षभराचं धावणं. हौसेची पाचशे किलोमीटर आणि गरजेची साडेचौदा हजार, धुराच्या बाबतीत बरोबरीला येतात.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, गाडीगणिक पाहिलं तर व्हिंटेज गाडीचा धूर नगण्य नाही. ती एका साध्या आधुनिक गाडीइतकी तरी प्रदूषण करतेच. शहराच्या हवेत तिचा वाटा नगण्य ठरतो तो केवळ अशा गाड्या फार थोड्या आहेत म्हणून. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समजा मालकानं तीच गाडी ५०० ऐवजी ५,००० किलोमीटर चालवली. मिक्स्चर स्क्रूला धक्का लागलेला नाही, पीयूसीचा आकडा तोच २.८ टक्के, प्रमाणपत्र हिरवंगार. प्रदूषण मात्र दहा आधुनिक गाड्यांइतकं. ट्यूनिंग कितीही उत्तम केलं तरी या गाड्यांचा धूर निम्म्यावर येईल, फार तर त्याहून थोडा खाली. चालणं दहापट कमी केलं तर धूर दहापट कमी होतो. ज्या नियमाला खरोखर फरक पाडायचा आहे, त्यानं कशाकडे पाहायला हवं हे सांगायला नको.

आपल्या २०२१च्या नियमांनी पाहिलंही, पण अर्धवट. त्यांनी किलोमीटर मोजले नाहीत, कारणं मोजली. रॅलीला चाललात तर चालेल, ऑफिसला चाललात तर नाही. आता नाक्यावरच्या पोलीस हवालदारानं हे ओळखायचं कसं? परवानगी असलेल्या कारणांत ‘इंधन भरणे’ हेही एक आहे, आणि पेट्रोल पंप तर शहराच्या प्रत्येक रस्त्यावर आहे. ज्याला रोज फिरायचं आहे त्याच्याकडे कायदेशीर उत्तर तयार. कारणाची अट हेतू सांगते, पण तिची शहानिशा करता येत नाही. किलोमीटरची करता येते. दर पीयूसीच्या वेळी ओडोमीटरचा आकडा प्रमाणपत्रावर लिहायचा, आजही गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढतातच, त्यात एक फोटो वाढवायचा. व्हिंटेज नोंदणीला वर्षाला अमुक इतके किलोमीटर अशी कमाल मर्यादा घालायची. माझ्या मते दोन हजार भरपूर झाले, मुंबईहून गोव्याच्या एखाद्या रॅलीला जाऊन येण्याइतके. किलोमीटरनुसार हिशेब ही काही परकी कल्पनाही नाही. विमा नियामकानं जुलै २०२२मध्ये ‘जितकं चालवाल तितका हप्ता’ या प्रकारच्या मोटार विम्याला वाट मोकळी करून दिली. विमा कंपनीला जे मोजता येतं ते परिवहन खात्याला का येऊ नये?

यावर लगेच उत्तर येईल, की जुन्या गाडीचा ओडोमीटर ही कसली विश्वासाची जागा. खरं आहे. केबल काढून ठेवली की काटा थांबला, आणि पाच आकडी मीटर लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो. पण बंद ओडोमीटर लपत नाही. सहा महिन्यांत गाडी रॅलीला जाऊन आली आणि आकडा जागचा हलला नाही, तर प्रश्न विचारायला तेवढं पुरेसं आहे. शिवाय इथं एक सोय आहे, जी साध्या गाडीच्या बाबतीत नसते. व्हिंटेज मालकाला गाडीचं मूळ रूप प्यारं असतं, कारण तिची किंमत त्यातच असते. चालू मीटर आणि जुळणारी नोंदवही ही त्याच्या दृष्टीनं गाडीच्या इतिहासाची कागदपत्रं आहेत. नियम आणि मालकाचा स्वार्थ एकाच दिशेनं ओढत आहेत, असं आपल्या वाहतूक कायद्यात फार वेळा घडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे: मुळात पीयूसीच लुटुपुटुची असताना तिच्यावर आणखी काय रचायचं? परीक्षेपुरता स्क्रू आवळायचा आणि केंद्राबाहेर आल्यावर पुन्हा सैल करायचा, हे गॅरेजवाल्यांना नवीन नाही. दिल्ली विधानसभेत २०२५मध्ये मांडलेल्या कॅगच्या अहवालात, मर्यादेपेक्षा जास्त धूर असलेल्या गाड्यांनाही प्रमाणपत्रं दिल्याचं नोंदलं आहे. पण यातून तपासणीची यंत्रणा सुधारा असा निष्कर्ष निघतो. व्हिंटेज गाड्यांना वगळा असा नाही. उलट व्हिंटेजपुरता उपाय सोपा आहे. या गाड्या थोड्या आहेत, त्यांची नोंदणी करताना राज्य पातळीवर पाहणी करायची तरतूद आहेच. त्याच पाहणीत धूर नीट मोजून त्या गाडीचा स्वतःचा आकडा ठरवून टाकावा: ही १९३५ची गाडी, चांगल्या ट्यूनिंगमध्ये हिचा आकडा इतका, इथून पुढे याच्या आत राहावं. पीयूसीची यंत्रं तपासून मान्यता देणारी एआरएआय संस्था पुण्यात १९६६पासून उभी आहे. अशी पद्धत ठरवायला परदेशी जायची गरज नाही.

सरसकट सूट दिली की काय होतं, हे कॅलिफोर्नियानं करून पाहिलं आहे. तिथं धूर तपासणी १९८४पासून आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी ३० वर्षांहून जुन्या गाड्यांना सरकती सूट मिळाली. दरवर्षी आणखी एका सालाच्या गाड्या आपोआप तपासणीबाहेर जाऊ लागल्या. त्यात संग्राहकाची लाडकी गाडी होती तशी कामगाराची रोजची खटारा गाडीही होती, आणि धूर दुसरीचाच जास्त होता. शेवटी २००५पासून सूट १९७५ सालापाशी गोठवली गेली. ती आजही तिथंच आहे. १९७५ची गाडी मोकळी, १९७६ची मात्र कायमची तपासणीत. दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध गाडीसंग्राहक जे लेनो यांच्या नावानं ओळखलं गेलेलं, ३५ वर्षांवरच्या संग्राह्य गाड्यांना सूट मागणारं विधेयक २०२५मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या समितीत अडकलं. ब्रिटननं मे २०१८पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीच्या सक्तीतूनच सूट दिली. मोठा फेरबदल केलेला नाही हे मालकानं स्वतःच सांगायचं. अशी ऐतिहासिक गाडी लंडनच्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्रातही बिनशुल्क फिरते, मग ती महिन्यातून एकदा फिरो की रोज. जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ मिळतं, शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत प्रवेश मिळतो, करही ठरावीक लागतो. पण मूळ रूपाचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि दर दोन वर्षांची तपासणी चुकत नाही. तिघांत जर्मन पद्धत मला सगळ्यांत शहाणी वाटते. किलोमीटर मात्र यांतल्या कुणीही मनावर घेतलेले नाहीत.

आता सगळ्यांत टोकदार आक्षेप, न्यायाचा. पंधरा वर्षांची गाडी बाळगणाऱ्या सामान्य माणसाला महाराष्ट्रात पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरची पेट्रोल आणि दहा वर्षांवरची डिझेल गाडी २०१४-१५च्या हरित लवादाच्या आदेशांनी रस्त्याबाहेरच काढली, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये ते कायम ठेवलं. १ जुलै २०२५पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि लोकांच्या संतापानं काही दिवसांत ते मागे ठेवावं लागलं. आणि इकडे राजवाड्यातली रोल्स रॉइस शिट्टी वाजवत रॅलीला निघणार. हा राग समजण्यासारखा आहे. पण तो रोल्सवर काढून उपयोग नाही. दिल्लीच्या आदेशाची चूक वयावरून निकाल लावण्यात आहे. गाडी किती चालते आणि किती धूर सोडते, हे दोन्ही प्रश्न त्यानं विचारलेच नाहीत. तेच दोन प्रश्न व्हिंटेज गाडीला विचारले, तर विशेष वागणूक आणि विशेष बंधन यांची जोडी बसते. रोजच्या वापराचा हक्क सोडणाऱ्याला सवलत, न सोडणाऱ्याला नाही.

शिवाय व्हिंटेज म्हटलं की डोळ्यांसमोर महाराजांची गाडी येते, हाच एक गैरसमज आहे. २०२१च्या नियमांत दुचाकीही आहेत, आणि पन्नाशी ओलांडलेल्या वाहनांत जावा, राजदूत, लँब्रेटा यांची भर मोठी. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२पासून बाहेर पडलेल्या पहिल्या चेतकही आता या वयाला पोचल्या. या बहुतेक टू स्ट्रोक. यांच्या इंजिनात ताजं मिश्रण आत येतं तेव्हा बाहेर जायची वाटही उघडीच असते, म्हणून बरंचसं पेट्रोल न जळताच ऑइलसकट बाहेर पडतं. निळसर धूर आणि तो ओळखीचा वास त्याचाच. नियमांनाही हे माहीत आहे. मार्च २०००पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं, जुन्या मोटारीच्या सहापट. संग्राहकाच्या रोल्सपेक्षा या स्कूटरी किती चालतात याची नोंद ठेवणं अधिक गरजेचं आहे, कारण त्या स्वस्त आहेत, सुटे भाग मिळतात आणि रोज बाजारात न्यायचा मोह होतो.

इंधनाचा एक नवा पेच याच सुमारास उभा राहिला आहे. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं झालं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं कार्बोरेटरच्या गाडीचं मिश्रण आपोआप पातळ होतं, त्यामुळे पीयूसीला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा कमी दिसतो. पण जुने रबरी पाइप, बुचाची गॅस्केटं आणि पंपाचे पडदे इथेनॉलनं मऊ पडतात, फुगतात किंवा चिरतात. मग पेट्रोल झिरपतं, वाफा वाढतात, आणि प्रोबला यातलं काही दिसत नाही. म्हणजे कागदावर गाडी सुधारली, प्रत्यक्षात बिघडली. व्हिंटेज तपासणीत टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या पाइपांवरून एकदा हात फिरवून गळती पाहणं बंधनकारक केलं, तर धूर तपासणीइतकाच फायदा होईल, आणि आग लागण्याचा धोका टळेल तो वेगळा. त्याला यंत्र लागत नाही.

काही जण म्हणतात, मग जुन्या गाडीत कन्व्हर्टरच बसवा, नाहीतर तिला बॅटरीवर आणा. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही होऊ शकतं. पण इंजिन बदललं की २०२१च्या नियमांनुसार ती गाडी व्हिंटेज राहत नाही, आणि ते योग्यच आहे; सवलत मूळ यंत्राला आहे, त्याच्या आकाराच्या डब्याला नाही. कन्व्हर्टरला तर नेमकं मिश्रण लागतं, जे कार्बोरेटरला सतत राखता येत नाही. वर्षाला हजारभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा ती हजारभरच चालेल हे पाहणं स्वस्त पडतं.

घाई आहे ती एका कारणासाठी. पन्नास वर्षांची रेषा सरकती आहे आणि तिच्यावर आतापर्यंत थोड्याच गाड्या येत होत्या, कारण त्या काळी देशात गाड्याच थोड्या बनत. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. डिसेंबर २०३३मध्ये ती पन्नाशीची होईल, आणि तिथून पुढे दरवर्षी व्हिंटेजच्या दारात येणाऱ्या गाड्यांची रांग झपाट्यानं लांबत जाईल. संख्या थोडी म्हणून धूर थोडा, हा आधार तेव्हा राहणार नाही. कमाल किलोमीटरची मर्यादा आणि ओडोमीटरची नोंद लोकांच्या अंगवळणी पाडायची, तर ती रांग लागायच्या आधीची सात-आठ वर्षं हाताशी आहेत.